शाळिग्रामाचे कूळ

महागाव तालुक्यातील फुलसावंगी या बाजाराच्या गावाहून एक हकिकत आमच्या कानी आली आहे. ती लहान आहे. तिच्यात रक्तपात नाही, दरोडा नाही, म्हणून ती पोलिसांच्या दप्तरी गेली नाही व जाणारही नाही. कापसाची देवघेव करणाऱ्या एका कुटुंबातील कर्ता पुरुष वारला. मागे वृद्ध पत्नी व लग्ने होऊन सासरी गेलेल्या दोन मुली. देव्हाऱ्यात एक शाळिग्राम होता. आजेसासऱ्यांनी तो मुक्तिनाथाच्या यात्रेहून आणला, अशी घरात आठवण होती. पती गेल्यावर त्याची पूजा कोणी करावी असा प्रश्न निघाला, आणि चार जाणत्या शेजाऱ्यांनी निर्णय दिला की, स्त्रीने शाळिग्रामास शिवावयाचे नसते, त्यातून विधवेने तर नाहीच. बाई दोन महिने लांबूनच हात जोडीत राहिल्या. अशात रुद्राक्ष, रत्ने व 'सिद्ध' दगड विकीत गावोगाव फिरणारा एक इसम त्यांच्या दारी आला. त्याने शाळिग्राम हाती घेतला, तोंड गंभीर केले आणि सांगितले, "हा नरसिंह आहे, उग्र आहे, चक्र खंडित आहे; घरधनी गेले ते यानेच. आता मुलींच्या संसाराकडे याची दृष्टी आहे." जुना शाळिग्राम नदीत सोडतो म्हणून तो घेऊन गेला आणि त्याच्या जागी 'बायकांना चालणारा' सौम्य शाळिग्राम ठेवून गेला. त्याचे मोल भागविण्यासाठी बाईंनी हातातली पाटली मोडली. दिवाळीच्या सुटीत आजोळी आलेल्या नातवाने तो नवा देव गावातील एका शिक्षकांस दाखविला. त्यांनी भिंग लावून पाहिले, तो दगडाच्या मधोमध साच्याचा सांधा दिसला. तापविलेली सुई टेकविताच जळक्या प्लास्टिकचा वास सुटला.

गेला तो खरा होता; आला तो कारखान्यात ओतलेला होता.

या प्रकरणी अपराधी कोण, हे सांगावयास नको. परंतु त्या इसमाने जे हत्यार वापरले ते काही त्याने घडविलेले नव्हते. ते आपण सर्वांनी मिळून घडविले, परजले आणि त्याच्या हाती दिले. बाईंनी स्वतः शाळिग्राम उचलून पाहिला असता, रोज त्यास स्नान घातले असते, त्याच्या अंगावरची रेघ न रेघ त्यांच्या ओळखीची असती, तर परक्याने येऊन 'चक्र खंडित आहे' असे सांगण्याची सोय राहिली नसती. आणि चक्र म्हणजे काय, ते दगडात आले कोठून, एवढे जरी त्या घरात कोणास ठाऊक असते, तरी त्या गंभीर चेहऱ्याचे फारसे काही चालले नसते. म्हणून आज आम्ही आधी दगडाविषयी लिहिणार आहो व मग माणसांविषयी.

शाळिग्राम नेपाळातील काळी गंडकीच्या पात्रात सापडतो, हे आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. मुस्तांग जिल्ह्यात मुक्तिनाथाच्या व त्याहून वर दामोदर कुंडाच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर, काळ्या पापुद्र्यांच्या ठिसूळ दगडाचे थर उघडे पडले आहेत. हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यावरून भूगर्भशास्त्रज्ञ त्यांस 'स्पिती शेल' म्हणतात. हे थर म्हणजे मुळात चिखल. आणि तो चिखल सुमारे १४ ते १६ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचला. आज जेथे हिमालय आहे तेथे तेव्हा टेथिस नावाचा समुद्र होता, आणि आपली भारतभूमी विषुववृत्ताच्या पुष्कळ दक्षिणेस आफ्रिका व अंटार्क्टिका यांच्या शेजारी पडली होती.

त्या समुद्रात अमोनाइट नावाचे प्राणी विपुल होते. शंख-शिंपल्यांच्या मोठ्या गोत्रातले ते; पण आज हयात असलेल्या प्राण्यांत त्यांचे जवळचे आप्त म्हणजे अष्टपाद आणि कोकणच्या मासळीबाजारात विकला जातो तो माकूळ. त्यांचा शंख पागोट्याप्रमाणे गुंडाळलेला असे आणि त्याच्या आत कप्पे असत. प्राणी वाढेल तसा तो पुढे सरके, मागे पडदा बांधी, आणि सर्वांत बाहेरच्या मोठ्या कप्प्यात राही. मागच्या कप्प्यांतील हवेच्या जोरावर तो पाण्यात तोलून धरला जाई. प्राणी मेला की शंख तळच्या गाळात रुते. प्राणवायू कमी असलेल्या त्या गाळात कुजण्याची क्रिया चाले तेव्हा पाण्यातील क्षार शंखाभोवती जमत आणि भोवतालचा गाळ बांधला जाऊन त्याचा घट्ट गोळा बने. बोराच्या आठोळीभोवती गर असावा तसा. पुढे शंख विरघळून गेला तरी त्याचा ठसा त्या गोळ्यात राहिला. काही गोळ्यांत लोह व गंधक यांचे संयुग, ज्यास आपले वैद्य माक्षिक म्हणत आले, ते त्या ठशात उतरले. ज्या शाळिग्रामात सोनेरी झाक दिसते व जो 'हिरण्यगर्भ' म्हणून चढ्या भावाने विकला जातो, त्याचे सोने बहुधा हेच. आमच्या व्यापारी वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मग सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी उत्तरेकडे सरकत आलेले भारतखंड आशियाखंडास भिडले. मधल्या समुद्राचा तळ चुरगळला, दुमडला आणि वर उचलला गेला. त्याचाच हिमालय झाला. गंडकीने तो डोंगर कापला, गोळे मोकळे झाले, पाण्याबरोबर घरंगळत गुळगुळीत झाले, आणि एखादा फुटला की आतले चक्र उघडे पडले. समुद्रतळीचा प्राणी ढगांच्या उंचीवर जाऊन बसला आणि नदीने त्यास पुन्हा खाली आणिले. पुराणांतील कोणत्याही अवतारकथेहून ही कथा कमी अद्भुत आहे असे आम्हांस तरी वाटत नाही.

आपल्या पूर्वजांस या चक्राचे कोडे पडले नव्हते असे नाही. एवढ्या टणक दगडाच्या पोटात इतके रेखीव चक्र कोणी कोरले, असा प्रश्न त्यांनी विचारला, आणि 'वज्रकीट' नावाच्या किड्याने, असे उत्तर दिले. उत्तर चुकले, पण प्रश्न योग्य होता, आणि चक्राचा संबंध एखाद्या प्राण्याशी आहे हा त्यांचा तर्क तर अर्धा खरा निघाला. किडा बाहेरून आत शिरला नाही, प्राणी आतच होता, एवढाच काय तो फरक. दुसऱ्या देशांतही असेच झाले. 'अमोनाइट' हे नावच मिसर देशाच्या आमोन देवावरून पडले, कारण त्या देवास मेंढ्याची वळणदार शिंगे दाखवीत. इंग्लंडात व्हिटबी या बंदरगावी असे शंख समुद्रकाठच्या कड्यांत मुबलक सापडतात; तेथील लोक म्हणत की, हिल्डा नावाच्या साध्वीने शाप देऊन सापांचे दगड केले ते हे. मग यात्रेकरू विचारू लागले की सापाचे तोंड कोठे आहे? तेव्हा तेथील विक्रेत्यांनी छिन्नी घेऊन शंखाच्या टोकाशी सापाचे तोंड कोरावयास आरंभ केला, आणि माल अधिक खपू लागला. फुलसावंगीचा तो इसम जगात एकटा नाही, हे यावरून दिसून येईल. फरक इतकाच की, व्हिटबीच्या गावाने आज ते शंख आपल्या संग्रहालयात मांडले आहेत, व कोणता खरा आणि कोणत्यास मागाहून तोंड कोरले हे तेथील मुले सांगू शकतात.

आता माणसांकडे येऊ. काही पुराणवचनांत स्त्रियांनी व शूद्रांनी शाळिग्रामास स्पर्श करू नये असे म्हटले आहे. त्याच विषयावर दुसरी वचने निराळे सांगतात, आणि निबंधकारांनी त्यांचा मेळ घालण्यासाठी पुष्कळ शाई खर्ची घातली आहे. ती वचने आम्ही येथे तोलीत बसणार नाही. ज्या वस्तूच्या स्पर्शाविषयी हा वाद आहे, ती वस्तू कोणत्या कुळातली, एवढेच आम्ही विचारतो. ती ज्या प्राण्याची, तो जलचर होता. ज्याचे आप्त आज मासळीच्या पाटीत पाहून सोवळ्यातला मनुष्य नाक धरील, अशा जातीचा. त्याला वर्ण नव्हता, गोत्र नव्हते, मुंज नव्हती. माणूस नावाचा प्राणी पृथ्वीवर अवतरण्यापूर्वी कोट्यवधी वर्षे तो मरून दगड झाला. हे आम्ही उपहासाने लिहीत नाही. उलट, ज्यास आपण विष्णूचे रूप मानून तुळशीशी त्याचे लग्न लावतो, तो असा निष्कुळ, निर्वर्ण जीव निघावा, यात आम्हांस फार मोठा अर्थ दिसतो. पण जे अशा दगडाच्या आधारे माणसांचे कूळ मोजतात, त्यांनी आधी दगडाचे कूळ तपासावे.

आणि स्पर्शाचेच म्हणाल तर, तो दगड आपल्या देव्हाऱ्यापर्यंत कोणाकोणाच्या हातून येतो? गंडकीच्या वाळूतून तो वेचणारे बहुतेक तिकडचे डोंगरी लोक. त्यांतील पुष्कळ बौद्ध. मुक्तिनाथाच्या वाटेवर लहान लहान दुकाने मांडून शाळिग्राम विकावयास बसलेल्या असतात त्यांत स्त्रियाच पुष्कळ. त्यांनी उचलावा, निवडावा, पुसावा, आपण पैसे मोजून घ्यावा, घरी आणावा. आणि मग घरच्या सुनेने मात्र त्यास शिवू नये! मुस्तांगच्या बाईच्या हाताने जो देव विटाळला नाही तो फुलसावंगीच्या बाईच्या हाताने कसा विटाळतो?

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पतीच्या मिळकतीत विधवेस वारसाहक्क दिला. शेताच्या सातबाऱ्यावर तिचे नाव चढते, दुकानाचा परवाना तिच्या नावे होतो, बँकेत तिची सही चालते. एवढी सर्व धरित्री जिने वारसाने घ्यावी, तिने मुठीएवढा एक दगड घेऊ नये, ही विसंगती आमच्या शहाण्या व्यापारी वर्गास दिसत नसेल असे आम्हांस वाटत नाही. ती दिसते, पण तिच्यावाचून काही अडत नाही, म्हणून कोणी बोलत नाही. अडते ते त्या बाईचे. शनी शिंगणापूरच्या चौथऱ्यावरील शिळा हा काही शाळिग्राम नव्हे, परंतु तेथेही प्रश्न हाच होता. आणि उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्यास, स्त्रिया त्या चौथऱ्यावर चढल्या. शिळा जेथे होती तेथेच आहे, आणि दर्शनाची गर्दीही ओसरलेली नाही.

शाळिग्रामाविषयी इतके विस्ताराने लिहिल्यावर पंचायतनातील इतर देवांविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. शिवाच्या स्थानी असते ते बाणलिंग नर्मदेतले. ते बहुधा गारेच्या जातीचे असते; म्हणजे आपल्या शेतात नांगराच्या फाळास लागून ठिणगी उडविणारी जी गारगोटी, तिचेच हे थोर भावंड. नर्मदेच्या पात्रातील रांजणखळग्यांत भोवऱ्याबरोबर गरगर फिरून दगड लांबट-गोल होतात. यासाठी प्रसिद्ध असलेले धाराजी येथील धावडी कुंड आता ओंकारेश्वर धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. तेव्हा आज बाजारात येणारी असंख्य 'स्वयंभू' बाणलिंगे कोठून येतात? मध्यप्रदेशात खरगोन जिल्ह्यात नर्मदेकाठी बकावां नावाचे गाव आहे. तेथील कारागीर नर्मदेचा दगड यंत्रावर घासून, पुसून, चकाकी देऊन शिवलिंगे घडवितात व ती देशभर जातात. हा उद्योग प्रामाणिक आहे, आणि त्या हातांचा आम्हांस आदर आहे. कारागीर म्हणतो, मी घडविले; मधला दलाल म्हणतो, पाण्याने घडविले; आणि या दोन वाक्यांच्या मध्ये किंमत कितीतरी पट वाढते. कष्ट ज्याचे, त्याचे नाव पुसले गेल्यावाचून नफा होत नाही, असा हा व्यापार आहे.

गणपतीचा तांबडा पाषाण अमरकंटकाच्या परिसरातून निघणाऱ्या शोण नदीचा. त्याची लाली लोहाची. देवीचा सुवर्णमुखी पाषाण धातुमिश्रित, सूर्याचा स्फटिक म्हणजे निर्मळ गार. म्हणजे पाच देवांपैकी निदान तीन गारेच्याच निरनिराळ्या अवस्था होत. आणि अलीकडे तिजोरीत ठेविले असता धन वाढते म्हणून दुकानदारांच्या गळी उतरविले जाते ते 'गोमतीचक्र' तर दगडच नव्हे. समुद्रातील एका जातीच्या गोगलगाईच्या शंखाचे ते चुनखडीचे झाकण आहे. संकट आले की ती आत जाते आणि हे दार लावून घेते. आपला जीव वाचविण्यासाठी तिने बांधलेले दार दुसऱ्याच्या तिजोरीचे रक्षण कसे करील, ते विकणाऱ्यासच ठाऊक. या बाबतीत आम्हा वृत्तपत्रवाल्यांचे हातही स्वच्छ नाहीत. २०२३ च्या आरंभी काळी गंडकीच्या काठच्या दोन प्रचंड शिळा अयोध्येस नेण्यात आल्या, तेव्हा बहुतेक पत्रांनी त्यांस बेधडक 'शाळिग्राम' म्हटले. गंडकीकाठचा प्रत्येक खडक शाळिग्राम नसतो. पुढे २२ जानेवारी २०२४ रोजी ज्या मूर्तीची प्रतिष्ठा झाली ती कर्नाटकातील काळ्या पाषाणातून घडविलेली होती; परंतु आधीचा शब्द कोणत्या पत्राने मागे घेतल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

येथवर आम्ही दूरच्या नद्यांचे दगड पाहिले. फुलसावंगीकरांनी आता आपल्या पायांखाली पाहावे. गावाभोवतालचा काळा पाषाण, ज्याची घरांची जोती, विहिरींचे बांधकाम व शेताच्या बांधावरचे म्हसोबा झाले, तो बेसाल्ट होय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीस लांबच लांब भेगा पडून त्यांतून तप्त रस वाहिला, थरांवर थर चढले, आणि आजही जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याखाली झाकलेला आहे. तो पाषाण झिजून जी माती झाली ती आपली काळी कपाशीची जमीन. फुलसावंगीच्या बाजारात कापसाची जी गाडी येते ती या अग्निरसाचेच पीक घेऊन येते. त्या रसातील बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पाण्यातून गार उतरत गेली, त्यांच्या गारगोट्या झाल्या. कोठे तो रस सावकाश थिजला तेथे त्यास सरळ भेगा पडून कोरल्यासारखे पैलूदार खांब झाले. आपल्याच जिल्ह्यात वणी-पांढरकवडा भागात शिबला-पार्डी येथे असे खांब आढळले आहेत, आणि मुंबईस अंधेरीतील गिल्बर्ट टेकडी त्याच जातीची असून तिच्या माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे.

आता काळाचा मेळ पाहावा. ज्या अमोनाइट प्राण्यांचे शंख शाळिग्राम म्हणून पुजले जातात, ती सबंध जात पृथ्वीवरून नाहीशी झाली ती याच सुमारास, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. त्या संहाराचे मुख्य कारण मेक्सिकोच्या किनाऱ्याशी आदळलेली अवकाशातील प्रचंड शिळा असे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. दख्खनच्या या अग्निरसाबरोबर निघालेल्या विषारी वायूंचाही त्यात वाटा होता काय, किती होता, यावर त्यांचा वाद चालू आहे. तो वाद कोणत्याही बाजूस सुटो. देव्हाऱ्यातला काळा दगड आणि देव्हारा ज्या जोत्यावर उभा आहे तो काळा दगड, यांची गाठ फुलसावंगीच्या घरात प्रथमच पडलेली नाही. एक त्या प्राण्याच्या भरभराटीची खूण आहे, दुसरा त्याच्या अंतकाळचा साक्षी. एकास गंध-तुळस आणि दुसऱ्यावर चपला. बांधावरच्या म्हसोबास शेंदूर फासणारा शेतकरी या बाबतीत अधिक समदर्शी म्हणावा लागेल. त्याने हाताशी होता तोच दगड घेतला, त्यासाठी दलाल शोधला नाही आणि पाटली मोडली नाही. पैनगंगेपलीकडे माहूरगडावर रेणुका आई तांदळ्याच्याच रूपाने आहे, आणि तिच्या पायाशी येणाऱ्या लाखो माणसांस कोणी दगडाची प्रत विचारीत नाही. (शेंदूर ही शिशाची भुकटी आहे, लहान मुलांच्या तोंडी जाता कामा नये, एवढे मात्र जाता जाता सांगून ठेवतो.)

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: तुम्ही देवाचा दगड केलात, आता भक्ती कशी टिकणार? आमचे उत्तर असे की, दगडाचे ज्ञान ज्यांस नको होते त्यांनीच देवांची हानी अधिक केली आहे. उज्जैनच्या महाकाळाच्या लिंगाची झीज होऊ लागली तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१७ मध्ये पुरातत्त्व व भूगर्भ या दोन्ही खात्यांच्या तज्ज्ञांनी लिंगाची पाहणी केली. अभिषेकास शुद्ध केलेले पाणी वापरावयाचे ठरले. आणि १ सप्टेंबर २०२० च्या निर्णयाने भक्तांनी दही, तूप, मध लिंगावर चोळण्यास मनाई झाली. दह्याचे आम्ल आणि हातांचे घर्षण दगडास खाते, हे कळले म्हणून लिंग वाचविण्याचा मार्ग सापडला. पंढरीस विठ्ठलाचे पाय भक्तांच्या स्पर्शाने झिजत आहेत. १९८८ पासून अनेकदा व जून २०२० मध्येही मूर्तीस रासायनिक लेप द्यावा लागला. हा लेप काही मंत्राने लागत नाही. दगडाची जात, त्याची छिद्रे, त्याच्या भेगा जाणणाऱ्यांनी तो लाविला. ज्यांनी त्या दगडांस दगड म्हणून ओळखले, त्यांच्याच हातून देव राखले गेले आहेत. भक्तीचा नाश होईल म्हणून जे ज्ञानाचे दार लावतात, त्यांच्या घरी फिरता विक्रेता मागील दाराने येतो, हे फुलसावंगीस दिसलेच आहे.

मग करावयाचे काय? कायदा आहे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसा उकळणे, लोकांस फसविणे व दहशत बसविणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि साधी फसवणूक तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमाखाली येतेच. पण विधवा बाई ठाण्यात जाऊन 'माझा देव बदलला' अशी फिर्याद देईल, ही अपेक्षा धरणे म्हणजे आपल्या गावांची माहिती नसणे होय. तेव्हा काम गावानेच हाती घेतले पाहिजे, आणि त्यातही व्यापाऱ्यांनी. बाजारात कापसाची प्रत पाहिल्यावाचून, ओलावा तपासल्यावाचून तुम्ही एक क्विंटल माल घेत नाही. बियाण्याच्या पिशवीवर नाव, वाण व मुदत नसेल तर भांडता. मग हजारो रुपयांच्या दगडास पावती का नको? 'काळी गंडकी येथील जीवाश्म, नैसर्गिक' किंवा 'नर्मदेचा दगड, यंत्रावर घडविलेला' असे विक्रेत्याने आपल्या नावानिशी लिहून द्यावे. जो खरा माल विकतो त्यास हे जड जाणार नाही.

ज्या शिक्षकांनी भिंग लावून साच्याचा सांधा दाखविला, त्यांच्याकडेही एक मागणे आहे. शाळेच्या एका फळीवर गावचाच काळा पाषाण, एक गारगोटी, वणीकडील चुनखडीचा व कोळशाचा तुकडा, आणि मिळाल्यास एखादा फुटका अमोनाइट मांडून ठेवावा. कच्छात व मध्यप्रदेशात बाघच्या परिसरात असे शंख खडकांत सापडतात. त्यांस कोणी शाळिग्राम म्हणत नाही, म्हणून त्यांस मोलही नाही. मुलांनी ते हाती घ्यावेत, मुलींनी तर आवर्जून घ्यावेत, आणि घरी जाऊन आजीस सांगावे.

राहिले ते चार शेजारी. त्यांनी दिलेला निर्णय शास्त्राचा होता की केवळ सवयीचा, हे ते जाणत असतीलच. त्यांनी त्या बाईंकडे जाऊन तो परत घ्यावा, असे आम्ही सुचवितो. पाटली परत यावयाची नाही. मुक्तिनाथाहून आलेला शाळिग्राम आज कोणाच्या देव्हाऱ्यात किंवा कोणाच्या थैलीत आहे, हेही कळावयाचे नाही. तो प्लास्टिकचा गोळा मात्र अजून बाईंच्या देव्हाऱ्यातच आहे असे समजते. 'न जाणो' म्हणून तो काढून टाकण्याचा त्यांस धीर होत नाही. हा धीर त्यांस शेजाऱ्यांवाचून दुसरे कोणी देऊ शकणार नाही.

पुढचा बाजार भरेल तेव्हा तो इसम, किंवा त्याचा कोणी भाऊबंद, पुन्हा पाल ठोकून बसेल. त्याच्याकडे पावती मागणारा फुलसावंगीचा पहिला व्यापारी कोण, ते आम्हांस अवश्य कळविण्यात यावे.